थांबायचं गाव

पीएचडी करते आहे म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हनजे आता तुमी डॉक्टर होनार?" मी म्हणते, हो, पण तसली डॉक्टर नाही. "मंग गोया लिहून देता येईन का?" नाही. "सुई?" सुई तर मी लग्नाच्या आधीपासून देते. "मंग फायदा काय बापा?" या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे कधीच धड उत्तर नव्हतं, आणि माझा स्वभाव असा की उत्तर नसलं की आवाज चढतो.

माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याला ही फुकटची करमणूक होती. पाहुणे येऊन बसले की स्वयंपाकघरातून मुद्दाम ओरडायचा, "आमच्या घरची शिकून राह्यली, म्हनून आमी पोया लाटून राह्यलो!" लाटायचा मात्र खरंच. त्याच्या पोळीला कोपरे असायचे, पण ताटात गरम पडायची, आणि दिवसभर कॉलेजात घसा फोडून आलेल्या बाईला तेवढं पुरतं.

मी अमरावतीला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. तिथं एक गोष्ट सारखी पाहिली होती. लकवा मारलेला माणूस आम्ही चांगल्या पाठीनं घरी पाठवायचो आणि काही आठवड्यांत तो पाठ फुटून परत यायचा. पडून पडून माकडहाडावर, टाचांवर जखमा झालेल्या असायच्या. कधी कधी तर हाड दिसायचं. मग मोठे डॉक्टर त्याच्या बायकोवर नाहीतर सुनेवर खेकसायचे, "काय करत होत्या घरी? झोपल्या होत्या का?" ती बिचारी पदराचं टोक तोंडात धरून उभी. अहो, तिला कोणी शिकवलं होतं का? सुट्टी देताना आम्ही गोळ्यांचा कागद हातात द्यायचो आणि "काळजी घ्या" म्हणायचो. काळजी घ्या म्हणजे काय करा, हे सांगायला कोणाला वेळ होता? मला त्या खेकसण्याचा इतका राग होता, की पीएचडीला विषय कोणता असं विचारलं तेव्हा क्षणभरही विचार करावा लागला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा करणाऱ्या बाईला घरी जाऊन शिकवलं, तर माणसाची पाठ वाचते का? एवढाच माझा विषय. इंग्रजीत त्याचं नाव दीड ओळीचं झालं, ते सोडा.

माझ्या गाइड अकोल्याच्या. मूळच्या केरळच्या, तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. मराठी अगदी छान बोलायच्या, फक्त राग आला की हिंदीत जायच्या. त्यामुळे पहिल्या वर्षी मी त्यांचं हिंदीच जास्त ऐकलं. मी लिहून नेलेलं पहिलं प्रकरण त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ये भाषण है. संशोधन कहाँ है?" परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत माझे डोळे भरलेलेच होते. पण बाई खरी. त्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं, आकडे वाचायला शिकवले, आणि सगळ्यात कठीण म्हणजे गप्प बसायला शिकवलं. "घरात शिरलीस की तू नर्स नाहीस. तुझे हात पिशवीत ठेव. बघ आणि लिही." मी हसले होते. हात पिशवीत ठेवायचे हे किती जड जातं, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

कामाची रीत त्यांनी मला वावराच्या भाषेत समजावली, कारण मी भातकुलीकडच्या शेतकऱ्याची लेक. दोन वावरं घे, एकाला खत टाक, एकाला नको टाकू. पीक काढल्यावर कळेल की खतानं काही झालं का. फक्त एकाचं पाणी धुरा, म्हणजे बांध, ओलांडून दुसऱ्यात जायला नको. तशी गावांची दोन टोळकी करायची. चिठ्ठ्या टाकून ठरवायचं की शिकवायची गावं कोणती आणि थांबायची कोणती. शिकवायच्या गावांत मी लगेच जाऊन शिकवणार. थांबायच्या गावांत आधी नुसतं पाहून येणार, तीन महिन्यांनी पुन्हा पाहणार, आणि मग तिथंही सगळं शिकवणार. कोणाला कायमचं उपाशी ठेवायचं नाही. मधल्या काळात काही बिघडलेलं दिसलं तर आरोग्य उपकेंद्रात पाठवायचं, हा नियम. विद्यापीठाच्या समितीनं हे सगळं तपासून मंजुरी दिली होती.

गावं मी अकोटच्या आसपासची घेतली. निवडताना काय काय पाहिलं म्हणून सांगू! जमीन सारखी, दवाखान्याचं अंतर सारखं, गावाचा आकार सारखा. मॅडमनी विचारलं, "या दोन गटांतली माणसं एकमेकांना भेटत नाहीत ना?" मी नकाशा काढून मोठ्या ऐटीत सांगितलं, "मॅडम, इकडून तिकडं सरळ एसटीसुद्धा नाही. अकोटला उतरून गाडी बदलावी लागते." मॅडम खूश झाल्या. मीही खूश झाले.

आता शिकवायच्या गावातल्या थोरलीबद्दल सांगते. नाव सांगत नाही, थोरलीच म्हणते, आणि ते का ते पुढे कळेलच. तिची सासू लकवा होऊन पडली होती. थोरली अंगानं दणकट, आवाज असा की वावरातून हाक मारली तर गावात ऐकू यावी. मी शिकवायला बसले तर आधी तिनं माझीच परीक्षा घेतली. "तुमी स्वतः कोनाची सेवा केली का बाई, का पुस्तकातलंच सांगून राह्यल्या?" मला राग आला आणि बाई आवडलीही. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या सासूची कूस बदलून दाखवली. एका माणसानं, कंबर न मोडता, कसं वळवायचं ते. दर दोन तासांनी कूस बदलायची. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अंथरुणाला टेकू द्यायच्या नाहीत, घास भरवताना उठवून बसवायचं. उश्या विकत आणायच्या नाहीत, जुन्या पातळात कापूस भरून लांबट शिवायच्या. कापूस काय, आमच्याकडे घरोघरी असतोच. थोरलीनं तिचं एक निळं, पिवळ्या फुलांचं पातळ फाडलं आणि माझ्यासमोर दोन उश्या शिवल्या. दोन तासांचं गणित तिनं तिच्या पद्धतीनं बसवलं. दूधवाला आला की एक कूस, शाळा भरली की दुसरी, एसटी आली की तिसरी, सिरियल लागली की चौथी, आणि मधल्या खेपाही अशाच. रात्रीचं विचारलं तर म्हणाली, "म्हतारी सोताच उठवते न मले, त्याची काई काळजी नाई."

निघताना मी प्रत्येक घरी सांगत होते तेच तिलाही सांगितलं. "ताई, तीन महिने हे बाहेर कोणाला सांगू नका. मग मी सगळीकडे जाऊन शिकवणारच आहे."

"नाई सांगत," थोरली म्हणाली. आणि तिनं शब्द पाळला, हे मी आधीच सांगून ठेवते.

थांबायच्या गावात एक घर होतं. तिथली बाई वयानं थोरलीपेक्षा लहान, बारीक, हळू बोलणारी. तिला मी धाकटी म्हणते. तिचा नवरा अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. वय काही फार नाही, मिशा अजून काळ्या. एका सकाळी उठला तो अर्धं अंग गेलेलं घेऊनच. जीभ जड झाली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं चांगल्या हातानं मला बसा म्हणून खूण केली आणि बायकोकडे पाहून "च्या, च्या" करत राहिला. चहा ठेव म्हणून. मी त्याला कुशीवर करून पाठ पाहिली. माकडहाडावर लाल झालं होतं. बोटानं दाबलं तरी लाली जात नव्हती. नर्सला यापुढे काय होतं ते सांगावं लागत नाही.

धाकटीनं विचारलं, "काई आहे का बाई तिथं?"

"लाल झालंय. उपकेंद्रात दाखवा. मलम देतील."

"अन् मी काय करू?"

मी म्हटलं, "तीन महिन्यांनी येते, तेव्हा सगळं शिकवीन. तोवर जे करता ते करा." हात माझे पिशवीतच होते. चहा कसाबसा प्यायले. एसटीत बसल्यावर माझं मलाच इतकं वाईट वाटलं, की दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "नियमात होतं ते केलंस?" केलं. "उपकेंद्रात पाठवलंस?" पाठवलं. "मग झालं." पण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही. म्हणाल्या, "मुझे भी नींद नहीं आती थी, मेरे टाइम पे." तेवढंच.

तीन महिने गेले. माझी विद्यापीठाची मुदत संपत आली होती. वाढवून घ्यायची तेवढी घेऊन झाली होती. आता शेवटची पाहणी करायची, आकडे मांडायचे आणि प्रबंध द्यायचा. नाही दिला तर नोंदणी रद्द. घरात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, या दिवाळीला मला कोणी फराळाला हात लावायला सांगू नका. नवरा म्हणाला, "डॉक्टरीन बाई, तुमी आदेश करा, आमी चिवडा करतो."

धाकटीच्या घरी गेले. वाकून दारातून आत शिरले आणि आधी माझा नर्सचा जीव सुखावला. खोलीत वास नव्हता. माणूस कुशीवर होता, पाठीशी टेकू होता, टाचा अधांतरी. मी पाठ उघडून पाहिली. स्वच्छ! लाली गेलेली, कातडी छान. मी खरंच म्हणाले, "वा, ताई!" आणि मग माझी नजर त्याच्या गुडघ्यांमधल्या उशीवर गेली. निळं पातळ, पिवळी फुलं.

मी उशीवर हात ठेवला.

"ही उशी कुठून आणली?"

"बहिनीनं देल्ली," धाकटी म्हणाली. चेहऱ्यावर नुसता आनंद. "तुमी शिकवलं न तिले. तिनं मले शिकवलं. सासूले घरच्याईपाशी सोडून आली होती न ती चार दिवस राहाले."

थोरली तिची सख्खी मोठी बहीण! दोघी एका मायच्या लेकी. एक या गावात दिली, एक त्या गावात. मी अंतर मोजलं, रस्ते पाहिले, एसटीचं वेळापत्रक पाहिलं, आणि सोयरीक पाहिली नाही. मी! वऱ्हाडातली बाई! लग्नात शेजारी कोणी अनोळखी बाई बसली तर अक्षता पडायच्या आत आम्ही विचारून मोकळ्या होतो, माहेर कोनतं, बहिनी कुठं कुठं देल्ल्या. बाहेरगावचा कोणी संशोधक असता तर त्यानं हे आधी विचारलं असतं, कारण त्याला माहीत नसतं. मला ते इतकं माहीत होतं की विचारायचंच राहून गेलं.

"आणखी कोणाला सांगितलं तुम्ही?" माझा आवाज चढला होता.

"माह्या नणंदेले. तिची सासू पडली हाये न. अन् नणंदेनं तिच्या जावेच्या माहेरी."

"अहो ताई!" मी ओरडलेच. "तुमच्या बहिणीला सांगितलं होतं मी, कोणाला सांगू नका म्हणून! माझं किती वर्षांचं काम आहे हे, माहीत आहे का तुम्हाला? सगळ्याचं वाटोळं केलं तुम्ही!"

अंथरुणावरचा माणूस घाबरून चांगला हात हलवायला लागला. धाकटी आधी त्याच्याकडे गेली, त्याच्या छातीवर हात ठेवला, "काई नाई, काई नाई" म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज तसाच हळू.

"बाई, तुमी पयल्यांदा आल्या, तवा यायची, माह्या मालकाची, पाठ पाह्यली. तवा तुमाले माहीत होतं न, काय करा लागते?"

मी खांद्यावरची पिशवी घट्ट धरली.

"माहे सासरे याच खोलीत गेले. पाठ सडली होती त्याईची. किडे पडले होते बाई. वासानं कोनी दारात उभं राहे ना, पोटचे लेकरं बी नाई. सरले तवा आंघोळ घालाले मानूस भेटे ना. यायले लकवा मारला तवापासून मी देवाले एकच मागून राह्यली. उठवू नको त्याले, चालवू नको, पन तसं मरन नको देऊ." तिनं डोळे पुसले नाहीत. "तुमी म्हनलं तीन महिने. तीन महिन्यात सासऱ्याचं हाड दिसत होतं."

मी तिथून निघाले. राग गेला नव्हता. उलट कोणावर तरी काढल्याशिवाय तो जाणार नव्हता, म्हणून अकोटला गाडी बदलून थेट थोरलीच्या दारात.

थोरली अंगणात भुईमुगाची फल्ली निवडत बसली होती. मी चपलाही न काढता विचारलं, "मी तुम्हाला म्हटलं होतं का नाही, बाहेर कोणाला सांगू नका?"

"म्हनलं होतं ना."

"मग?"

"मंग काय? मी कोनाले सांगतलं? या बाजूच्या काकूनं किती खेपा इचारलं, मी तोंड नाई उघडलं. तवापासून ते माह्याशी बोलत नाई. पाहा, इचारा तिले!"

"आणि बहिणीला?"

थोरलीनं हातातली फल्ली सुपात टाकली. तिला माझा प्रश्नच समजला नव्हता. "बहीन का बाहेरची हाये?"

मी तिथंच ओट्यावर बसले. ती आत जाऊन पाण्याचा गडवा घेऊन आली. बाजूच्या भिंतीवरून ती रुसलेली काकू डोकावून पाहत होती आणि मला बघून तिला बरं वाटत होतं, कारण थोरलीला कोणीतरी रागावत होतं.

पुढचे दोन आठवडे मी थांबायच्या गावांतली सगळी घरं फिरले. सगळीकडे नाही, पण पुष्कळ घरांत पाणी धुरा ओलांडून गेलेलं. जिथं जिथं लेक दिलेली, सून आणलेली, तिथं तिथं गेलेलं. बाहेर कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या घरच्याच होत्या.

मॅडमसमोर कागद ठेवले तेव्हा त्यांनी एकेक करून सगळे पाहिले. हिंदी नाही, मराठी नाही. शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, ही घरं काढून टाकली तर? उरलेल्यांत फरक दिसतो."

"काढ," मॅडम म्हणाल्या. "कारण लिहावं लागेल. काय लिहिशील? पेशंट बरा राहिला म्हणून काढला?"

मला रडू आलं. मॅडमनी मला रडू दिलं आणि मग सांगितलं की दोन वाटा आहेत. परतवाड्याच्या पलीकडची नवी गावं घे, नव्यानं थांबायचा गट कर, मुदत मिळते का पाहू. नाहीतर जे झालं ते खरं खरं लिही, विषय बदलून माग. शिकवलेलं कुठून कुठं गेलं, कोणी कोणाला सांगितलं, त्याचंच संशोधन कर. ठरव तू.

अकोल्याहून घरी आले. नवऱ्यानं चेहरा पाहिला आणि त्या दिवशी थट्टा केली नाही. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं, गणिताच्या माणसाला दोन वावरं चटकन समजली. म्हणाला, "मंग परतवाड्याकडे पाहू. मी येतो संगं गावं हुडकाले. सोयरीक मी इचारीन." मी म्हटलं, "आणि तिथं कोणाची पाठ लाल दिसली तर?" तो म्हणाला, "नियम हाये न तुमचा, उपकेंद्राचा." मी म्हटलं, आहे. आणि ताटावर बसून मला कळलं की मी हे पुन्हा करू शकत नाही. नियम चुकीचा होता असं आजही मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय खतानं पीक आलं की पावसानं, हे कळायला मार्ग नाही, आणि ते कळल्याशिवाय उद्या सरकार एका नर्सला तरी घरोघरी पाठवेल का? पण ते काम दुसऱ्या कोणी करावं. माझे हात पिशवीत राहत नाहीत.

म्हणून विषय बदलून मागितला. समितीपुढे मॅडम माझ्यासाठी उभ्या राहिल्या, आणि चांगल्या कडकडून बोलल्या, हिंदीत. समितीतली माणसं वाईट नव्हती. एकांनी तर मला पाणी दिलं. पण नियम होता. या टप्प्यावर विषय बदलत नाही, मुदत संपली, हवं तर नव्यानं नोंदणी करा, पहिल्यापासून. पुढे मी ती केलीही, आणि सध्या त्याच कामात आहे, पण त्या दिवशी ते कुठलं सुचायला! पायऱ्या उतरताना मला एवढंच दिसत होतं की सगळी वर्षं पाण्यात गेली. सुट्ट्या, रविवार, मुलीच्या बारावीचं वर्ष, सगळं. ज्यांनी ज्यांनी "मंग फायदा काय" विचारलं होतं, ते सगळे डोळ्यांपुढे येत होते. थोरलीचा मला त्या दिवशी मनापासून संताप आला. तोंडानं नाही, पण मनात मी तिला पुष्कळ बोलले.

थंडी सुरू झाली होती तेव्हा तिचाच फोन आला. "नर्सबाई, धाकटीचा मालक गेला. काल गेला. म्हनलं तुमाले सांगावं." दुसरा झटका आला होता, आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं.

मी भेटीला गेले. दारात पुरुष बसलेले, आत बायका. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, शेजारी थोरली. मला पाहून धाकटीला हुंदका आला. मी तिच्याजवळ बसले. दुःखाच्या घरी काय बोलायचं असतं! मीही वेड्यासारखी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हुंदका ओसरल्यावर ती बोलली. "बाई, आंघोळ घातली न यायले, तवा आळीतले सारे मानसं आले होते. सासऱ्याच्या बखताले कोनी नव्हतं. यायच्या भावानं पाठीवरून पानी टाकलं अन् तो खालीच बसला. रडे लेकरावानी. म्हने, पाठ पाहा दादाची. पाहा सारे जन. एक डाग नाई." तिनं माझा हात घट्ट धरला. "साऱ्याईनं पाह्यलं बाई."

मग मला आवरलं नाही. मी चांगली मोठ्यानं रडले, परकी बाई त्यांच्या घरात बसून. नर्सिंगमध्ये मुलींना आम्ही शिकवतो की नातेवाइकांसमोर रडायचं नाही. घाला चुलीत.

निघायला उठले तशी थोरली दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात, तिला जमेल तेवढ्या दबक्या आवाजात, विचारलं, "तुमचं झालं का बाई, ते डॉक्टरचं?"

"नाही झालं."

"माह्याच्यानं?"

नाही म्हणणं सोपं होतं. दुःखाचं घर होतं, लोक ऐकत होते. पण ही बाई माझ्याशी पहिल्या दिवसापासून खरं तेच बोलत आली होती.

"हो," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच."

तिचे डोळे भरून आले. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता माफी मागेल, आणि मी म्हणेन की जाऊ द्या. तेवढं म्हणायची मी तयारीही केली होती.

"मंग मले माफ नका करू, बाई," थोरली म्हणाली. "उद्या तशी वेळ आली तं मी पुन्हा सांगीन."